पाच लाल वटवाघळांची वाटी

आमच्याकडे गणपतीच्या जेवणात नव्या कुटुंबांची ओळखपरेड होते. एक जण सॉफ्टवेअरमध्ये असतो, दुसरा नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात, तिसरी फ्रांकफुर्टच्या बँकेत. मग कुणीतरी सौजन्य म्हणून माझ्याकडे वळून विचारतं, "आणि काकू, तुम्ही?" मी सांगते, "मी फुटलेल्या कपबशा जोडते." समोरचा आधी हसतो. मी हसत नाही असं पाहून मग तो माझ्या नवऱ्याकडे बघतो. अभय शांतपणे मान डोलावतो आणि म्हणतो, "खरंय. आमच्या घरात कप फुटला की मात्र कचऱ्यात जातो."

या वर्षी मी निवृत्त झाले, तेव्हा एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहायला बसले आहे. बाड हॉम्बुर्ग हे फ्रांकफुर्टजवळचं आमचं गाव. अभय इथल्या एका मोठ्या औषध कंपनीत यंत्रं सांभाळायचा. गावात गरम पाण्याचे झरे, त्यामुळे जुने बंगले पुष्कळ, आणि त्या बंगल्यांत काचेची कपाटं. कपाटांत आजोबा-पणजोबांनी आणलेली चिनी चहाची भांडी. माणसांचे हात थरथरायला लागले की ही भांडी पडतात आणि हेर, म्हणजे श्रीयुत, वेन्ट यांच्या वर्कशॉपमध्ये येतात. हेर वेन्ट हे माझे माइस्टर, म्हणजे गुरू आणि मालक दोन्ही. मी त्यांच्याकडे जर्मन सुधारावं म्हणून दुपारची चिकटवायला गेले आणि स्वतःच चिकटले.

आमचं काम थोडक्यात असं. भांडं आलं की आधी त्याला नखानं टिचकी मारायची. पुण्यात माठ घेताना आपण मारतो तशीच. सणसणीत आवाज आला तर भांडं धडधाकट, भद्द आला तर कुठेतरी तडा लपलेला आहे. मग जुना डिंक, जुनी घाण धुऊन काढायची, तुकडे जुळवायचे, राळेसारख्या गोंदानं चिकटवायचे, जिथे कपची हरवली असेल तिथे भर घालायची आणि त्यावर मूळ रंगाशी जुळणारा रंग लावायचा. सगळं झाल्यावर गिऱ्हाइकाला बजावायचं की हे आता फक्त बघायचं. यात चहा ओतायचा नाही. गरम पाण्यानं गोंद सैल होतो आणि तो पोटात जाणं बरं नव्हे. हेर वेन्ट हे वाक्य इतक्या वेळा म्हणायचे की मला ते झोपेतही पाठ होतं, "आम्ही कपाटासाठी काम करतो, नाश्त्यासाठी नाही."

या भांड्यांवरची चित्रं वाचायला मी हळूहळू शिकले. वाचायला म्हणजे खरोखर वाचायला, कारण त्यावर नुसती शोभेची नक्षी क्वचितच असते. बहुतेक वेळा आशीर्वाद लिहिलेला असतो, अक्षरांऐवजी चित्रांत. पीच म्हणजे दीर्घायुष्य. बदकांची जोडी म्हणजे सुखी संसार. उकललेलं, दाणे दिसणारं डाळिंब म्हणजे भरपूर मुलंबाळं. आपण सुनेची ओटी भरतो, ते तिच्या किटलीवर डाळिंब काढतात. हे मी एकदा उत्साहाच्या भरात एका बाईंना सांगितलं. त्यांनी ती डाळिंबांची किटली लेकीला लग्नात द्यायला दुरुस्त करून घेतली होती. चारच दिवसांत लेक स्वतः किटली घेऊन हजर. ती शांतपणे म्हणाली, "हे बघा, आम्हाला मूल नकोय. याचं दुसरं काही होईल का? सफरचंद वगैरे?" मी तिला सांगितलं की सफरचंदाचा अर्थ शांती असाही लावतात, पण डाळिंब पुसून मी ते काढणार नाही. ती हसली आणि किटली तशीच घेऊन गेली.

सगळ्यात जास्त गोंधळ वटवाघळांचा. चिनी भांड्यांवर वटवाघूळ हे अत्यंत शुभ, कारण त्यांच्या भाषेत त्याचं नाव आणि सुख-सौभाग्य हे उच्चाराला सारखेच आहेत. कोरोनानंतर एक गृहस्थ सबंध सेट घेऊन आले आणि म्हणाले, यांची फुलपाखरं करून द्या, पाहुणे कपाकडे बघून दचकतात. मी नाही म्हटलं. पण त्यांना हसायचा मला काय अधिकार? सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना मी कौतुकानं वर्कशॉप दाखवलं होतं. टेबलावरचा पेला बघून त्या दोन पावलं मागे सरल्या. "अगं वृंदा, वटवाघळं? खाण्यापिण्याच्या भांड्यावर? आणि तू ही हातात धरतेस?" मी म्हटलं, "आई, त्यांच्यात लक्ष्मीसारखं आहे ते." त्या म्हणाल्या, "असेल. तू घरी येऊन आधी हात धू."

तर अशाच एका वटवाघळांच्या वाटीची हकिकत मला सांगायची आहे. बाकीची भांडी मी विसरले तरी चालेल.

फ्राऊ हार्म्स, म्हणजे श्रीमती हार्म्स, थंडीतल्या एका सकाळी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, टोपी नीट बसवलेली. त्यांनी पिशवीतून एक स्वयंपाकघरातला टॉवेल काढून उलगडला. आत बिनकानाची चहाची छोटी वाटी, चार तुकड्यांत. अशा वाटीला इथे कोपशेन म्हणतात. चिनी लोक कपाला कान लावत नसत, म्हणून पूर्वी युरोपात आलेल्या वाट्याही बिनकानाच्या. तुकड्यांवर तांबडी वटवाघळं होती. बाहेरच्या बाजूला चार, आणि एक आत, अगदी तळाला.

"माझ्या नवऱ्याची," त्या म्हणाल्या. "तो फ्लेगेहाइममध्ये आहे." म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात. "त्याला आता काही आठवत नाही. मी कोण, हेही रोज आठवत नाही. पण चहा तो यातूनच पितो. तिथल्या मुलीच्या हातून ही बेसिनवर आपटली. तेव्हापासून त्यानं पिणं जवळजवळ सोडलंय. ते चोचीचा प्लॅस्टिकचा पेला देतात, तो तोंड फिरवतो."

हार्म्स मंडळी मूळची उत्तर समुद्राकाठची, ऑस्टफ्रीसलंडची. तिकडचे लोक चहाबाज, आपल्यापेक्षाही जास्त. ही वाटी आणि तिची बशी हेर हार्म्सांच्या कुण्या खलाशी पूर्वजानं आणलेली. हेर हार्म्सांचं नाव ओनो. ते लहान असताना चहात दूध-साखर घालून आजी म्हणायची, पी ओनो पी, खालचं पाखरू दिसेपर्यंत पी. पाखरू म्हणजे तळाचं वटवाघूळ. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळे त्याला स्वालो, म्हणजे भिंगरी पक्षी, समजत होते. मी त्यांचं पाखरू तसंच राहू दिलं.

हेर वेन्टनी तुकडे पाहिले आणि म्हणाले, "सुंदर आहे. महिन्याभरात देतो. पण कपाटासाठी."

"मला कपाटात नकोय," फ्राऊ हार्म्स म्हणाल्या. "त्याला पिता आलं पाहिजे."

"ते होत नाही, बाईसाहेब."

फ्राऊ हार्म्सनी टॉवेलची पुन्हा घडी घालायला घेतली. त्यांचे हात अगदी स्थिर होते, आणि तेच मला बघवेना. मी म्हटलं, "राहू द्या. मी बघते." हेर वेन्टनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला हट्टी म्हणतात ते काही खोटं नाही. एकदा बघते म्हटलं की मागे फिरणं मला जमत नाही, मग स्वतःला कितीही शिव्या घालाव्या लागल्या तरी.

गोंद चालणार नव्हता. राहिला एकच उपाय, जो गोंद येण्याआधी जगभर चालायचा. टाके. भेगेच्या दोन्ही बाजूंना भांड्याच्या जाडीत अर्ध्यापर्यंतच भोकं पाडायची, आरपार नाही. तारेचा टाका, पाय किंचित आत वळवलेला, ताणून त्यात बसवायचा. तो सुटण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीनंच तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवतो. आतली बाजू गुळगुळीत राहते, ओठाला काही लागत नाही. मोठ्या थाळ्यांवर असे जुने टाके मी पुष्कळ पाहिले होते. पाहिले म्हणजे काढले होते. तेव्हा तीच पद्धत होती, गिऱ्हाइकांना टाके कुरूप वाटत आणि आम्ही ते उपटून गोंद लावून द्यायचो. आता वाटतं, ज्यांनी ते घातले त्यांना ते भांडं पुन्हा वापरायचं होतं, आणि आम्ही त्याचा वापर कायमचा बंद करून टाकला.

घालणं मात्र मी कधीच केलं नव्हतं. फ्लोमार्क्टवरून, म्हणजे जुन्या बाजारातून, पिशवीभर कप आणले आणि तोडून-तोडून सराव केला. वाटीची भिंत नखाएवढी. ड्रिल थोडं जास्त गेलं की आरपार. स्वयंपाकघरात सगळीकडे पांढरी पूड, आणि माझी मुलगी इरा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नेहमीसारखं जर्मनमध्ये उत्तर देऊन वर म्हणाली, "मामा, दू श्पिन्स्ट." म्हणजे आई, तुला वेड लागलंय. अभयनं मात्र खुर्ची ओढली. आयुष्यभर यंत्रांत गेलेल्या माणसाला असलं काही दिसलं की राहवत नाही.

"तार थंडच बसवतेस?" त्यानं विचारलं.

"मग?"

"गरम करून बसव की. गार झाली की आवळेल. आपोआप."

ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती याचा मला रागही आला आणि आनंदही झाला. त्या युक्तीनं पहिला धड टाका बसला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेले तर माझ्या टेबलावर एक हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल ठेवलेलं, आमच्याकडच्या सगळ्यांपेक्षा बारीक. हेर वेन्ट खिडकीपाशी पाठ करून काम करत होते.

पण इकडे सरावात दिवस जात होते आणि तिकडे हेर हार्म्स जेमतेम घोटभर पीत होते. फ्राऊ हार्म्सचा फोन आला, डॉक्टर आता पोटात नळी घालण्याबद्दल बोलायला लागलेत. मी म्हटलं, "बशी आहे ना अजून? फ्लेगेहाइममध्ये घेऊन या. मी येते."

हेर हार्म्स खिडकीजवळ खुर्चीत होते. मोठ्या हाडाचे, आता नुसती हाडंच. तिथली परिचारिका मिलेना चोचीचा पेला घेऊन उभी होती. तिच्या हातून वाटी फुटली ती हीच. ती बिचारी माझ्या नजरेला नजर देईना. बशी पाहिली आणि मला माझे सासरे आठवले. शेवटी शेवटी त्यांचे हात कापायचे, कप ओठापर्यंत जायचा नाही. सासूबाई काही न बोलता चहा बशीत ओतायच्या, फुंकर घालायच्या आणि बशी त्यांच्या ओठाला लावायच्या. आपल्याकडे बशीत चहा पिणं हे आता गावंढळ समजतात. मीही इराला कधी पिऊ दिलं नव्हतं. पण ही चिनी बशी खोलगट होती, चांगला चहा मावेल इतकी. मी तीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि त्यांच्यासमोर आधी स्वतः एक घोट घेतला. चांगला आवाज करून. फुर्रर्र.

हेर हार्म्सनी मान वळवली.

मी बशी त्यांच्या ओठाला लावली. त्यांनी डोळे मिटून एक घोट घेतला, आवाज करून. मग दुसरा. मिलेनानं तोंडावर हात धरला. फ्राऊ हार्म्स हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. "त्याचे आजोबा असेच प्यायचे. लोकांसमोर! सासूबाईंना इतकी लाज वाटायची!" मी मनात म्हटलं, आमच्याकडे उलटं होतं हो, आमच्या सासूबाईच पाजायच्या.

बशी रिकामी झाली. हेर हार्म्सनी ती दोन्ही हातांत घेतली, आत पाहिलं, उलटी केली, पुन्हा आत पाहिलं. बशीत फक्त काठावर लाटांची नक्षी होती. ते काय शोधत होते हे आम्हा तिघींनाही कळलं. बशीवर काही दिवस निभलं असतं, पण वाटी करायलाच हवी होती.

मी ती केली. खालच्या दोन टाक्यांना मला किती दिवस लागले ते मी मोजलेलं नाही. काठाची एक कपची हरवली होती, ती जागा घासून बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत केली. भेगा जुन्या पद्धतीनं अंड्याचा पांढरा बलक आणि चुना खलून बुजवल्या. गरम पाणी ओतून टिपकागदावर ठेवली, तर कागद ओला. मी टाके काढले आणि सगळं पुन्हा सुरू केलं. हेर वेन्ट म्हणाले, "फ्राऊ आपटे, आता पुरे." मी म्हटलं, "नाही." दुसऱ्या खेपेला कागद कोरडा राहिला. वेन्टनी वाटी घेऊन टिचकी मारली. आवाज सणसणीत नव्हता, भद्दही नव्हता. "जा," ते म्हणाले, "बोलतेय."

शेवटचा अडथळा फ्लेगेहाइमच्या प्रमुख बाई. फुटकं भांडं रुग्णाला देता येत नाही, नियम आहे. त्यांचंही चूक नव्हतं. मी तिथेच वाटीत कढत चहा ओतून घेतला आणि त्यांच्यासमोर पिऊन दाखवला. म्हटलं, "फ्राऊ हार्म्स स्वतः पाजतील, स्वतः धुतील, स्वतः घरी नेतील. तुमच्या कपाटात ठेवणार नाही. पण मी इथून हलणार नाही." बाईंनी सुस्कारा टाकला आणि संमती दिली.

हेर हार्म्सनी टाक्यांवरून अंगठा फिरवला, जरा थबकले, मग प्यायले. वाटी रिकामी झाली तसं त्यांनी तळाशी बोट ठेवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "दा इस्ट एर." तो बघा. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर ते वसंतभर प्यायले. मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपोआप कमी होत गेलं. आता हा हट्ट नव्हता, शरीरच मिटत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, नळी घालता येईल, त्यानं दिवस वाढतील, बरं वाटेलच असं नाही. हेर हार्म्सनी याबद्दल आधी काही लिहून-बोलून ठेवलेलं नव्हतं. निर्णय फ्राऊ हार्म्सवर आला. तसं सांगायला त्या वर्कशॉपमध्ये आल्या आणि नळीचा विषय काढायच्या आधी वाटी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "फ्राऊ आपटे, तुम्ही सगळ्यांना त्यांच्या भांड्यांचे अर्थ सांगता. मला कधी सांगितला नाहीत."

मी म्हटलं, "तुम्हाला ते पाखरू आवडायचं म्हणून."

"पाखरू नाहीये?"

"वटवाघूळ आहे. पाचही. चिनी लोकांत पाच वटवाघळं म्हणजे माणसाला मिळावीत अशी पाच सुखं. बाहेरची ही चार. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य आणि सदाचार."

त्यांनी वाटी फिरवून एकेकावर बोट ठेवलं. संपत्तीवर जरा हसल्या. मग वाटी कलती करून आत पाहिलं. "आणि हे?"

हे मला सांगायचं नव्हतं. पण ज्या बाईनं माझ्याकडून कपाटासाठी नव्हे तर पिण्यासाठी वाटी करून घेतली, तिच्याशी खोटं बोलणं मला जमेना. मी म्हटलं, "शांत शेवट. आपल्या वेळी, आपल्या माणसांत, हाल न होता."

त्यांनी वाटी टॉवेलात गुंडाळली. हेर वेन्टनी काम थांबवलं होतं. मग फ्राऊ हार्म्सनी टोपी घातली आणि मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. मला ते एकटीनं सांगायचं नाही."

फ्लेगेहाइममध्ये त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, नळी नको. एवढंच, उभ्यानं. मग खोलीत जाऊन त्यांनी चहा केला, खडीसाखर घातली, वरून साय सोडली. हेर हार्म्स उशीवर डोळे मिटून होते. फ्राऊ हार्म्सनी वाटी त्यांच्या ओठाला लावली. ओठ ओले झाले, तेवढेच. त्यांनी थोडं थांबून पाहिलं. मग खाली बसून उरलेला चहा त्या स्वतः प्यायल्या, सावकाश, एकही घोट न सोडता. वाटी कलती करून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाल्या, "बघ ओनो. दिसलं."